शिडाच्या बोटीच्या डिझेल इंजिनासाठी ऑइल कसं निवडावं: क्रमाने नऊ टप्पे

'कोणतं ऑइल घालू?' हा प्रश्न बहुतेक जण दुकानातल्या फळीसमोर उभे राहून विचारतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. समोर डब्यांची रांग. कुणावर 'मरीन', कुणावर 'फुल्ली सिंथेटिक', कुणावर ट्रकचं चित्र. मग जे महाग ते चांगलं, किंवा ज्यावर नांगर छापलाय ते बोटीचं, असा हिशेब लावून डबा उचलला जातो. निवड उलट्या दिशेने करायची असते. आधी इंजिन, मग त्याचं मॅन्युअल, मग बोट कशी वापरली जाते आणि टाकीत कोणतं डिझेल पडतं, आणि ब्रँड सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत आणि शिडाच्या बोटींत असतात त्या साधारण १० ते ६० अश्वशक्तीच्या चार-स्ट्रोक डिझेल इंजिनांपुरते आहेत.

## टप्पा १: इंजिन नेमकं कोणतं, ते प्लेटवरून ठरवा

बोटीच्या कागदपत्रांवर विसंबू नका. जुन्या बोटीत इंजिन बदललेलं असतं आणि कागदोपत्री जुनंच नाव चालू राहतं. रॉकर कव्हरवर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) किंवा ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या, बाजूला धातूची प्लेट किंवा स्टिकर असतो. तो पुसून मॉडेल आणि अनुक्रमांक वाचा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पुष्कळ मरीन इंजिनं दुसऱ्याच कंपनीच्या औद्योगिक ब्लॉकवर बांधलेली असतात. बीटा मरीनची अनेक इंजिनं कुबोटाच्या ब्लॉकवर आहेत, वोल्वो पेंटाचं एमडी२०२० पर्किन्सच्या ब्लॉकवर. मूळ ब्लॉकचं मॅन्युअल संदर्भाला चालेल, पण दोन्हींत फरक दिसला तर मरीन मॅन्युअलचं ऐका. बोटीत इंजिन तिरकं बसतं आणि थंड होण्याची पद्धत वेगळी असते, त्यामुळे ऑइलचं प्रमाण आणि बदलण्याची मुदत दोन्ही बदलतात.

प्लेट वाचून झाली की तीन गोष्टी पाहा.

थंड कसं होतं? कूलंटची टाकी, तिच्यावर प्रेशर कॅप आणि हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने कूलंट थंड करणारा भाग) असेल तर इंजिनाच्या आत गोडं पाणी फिरतं. यातलं काहीच नसेल तर समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून जातं. अशा इंजिनात मिठाचे थर बसू नयेत म्हणून तापमान मुद्दाम कमी ठेवतात. यानमारच्या जुन्या जीएम मालिकेत समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट ४२ अंशांना उघडायला लागतो आणि ५२ ला पूर्ण उघडतो. गोड्या पाण्याची इंजिनं सहसा ७० ते ८० अंशांच्या आसपास चालतात. हा फरक टप्पा ४ आणि ६ मध्ये लागणार आहे.

टर्बो किंवा कॉमन-रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं, जास्त दाबाचं इंधन इंजेक्शन) आहे का? असेल तर पुढच्या बऱ्याच सवलती तुम्हाला नाहीत. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच ऑइल घ्यायचं.

गिअरबॉक्स कोणता? तो इंजिनाशी जोडलेला असला तरी त्याचं ऑइल वेगळं असतं.

> सावधान: इंजिनासाठी निवडलेलं ऑइल परस्पर गिअरबॉक्समध्ये ओतू नका. काही गिअरबॉक्स इंजिन ऑइलवर चालतात, झेडएफ कंपनीचे छोटे मेकॅनिकल गिअरबॉक्स एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) मागतात, काही सेलड्राइव्ह (बोटीच्या तळातून खाली उतरणारा, प्रोपेलर फिरवणारा गिअरबॉक्सचा पाय) गिअर ऑइल. कोन क्लचच्या (शंकूच्या आकाराच्या, घर्षणाने पकडणाऱ्या क्लचच्या) गिअरबॉक्समध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असलेलं ऑइल पडलं तर क्लच घसरतो आणि माणूस दोष प्रोपेलरला देत बसतो.

## टप्पा २: मॅन्युअलमधून पाच ओळी उतरवा

पूर्ण मॅन्युअल वाचायची गरज नाही. वंगणाच्या पानावरून एवढंच कागदावर घ्या:

- गुणवत्तेची श्रेणी (एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, एसीईए म्हणजे युरोपीय वाहन-उत्पादकांच्या संघटनेची, किंवा इंजिन उत्पादकाची स्वतःची)
- विस्कॉसिटी, म्हणजे ऑइलचा घट्टपणा (१५डब्ल्यू-४० सारखा आकडा), आणि ती कोणत्या हवामानासाठी
- टीबीएनची (आम्ल मारण्याच्या क्षमतेची, टप्पा ५ बघा) अट असल्यास आकडा
- फिल्टरसकट किती लिटर
- किती तासांनी किंवा किती महिन्यांनी बदल

श्रेणी आणि विस्कॉसिटी या दोन वेगळ्या अटी आहेत, आणि दोन्ही पाळायच्या असतात. 'पंधरा-चाळीस घातलंय' म्हणणाऱ्याने अर्धंच उत्तर दिलेलं असतं. पेट्रोल गाडीचं १५डब्ल्यू-४० मिळतं आणि डिझेलचंही. दोन्ही डब्यांवर आकडा तोच.

## टप्पा ३: जुनी श्रेणी आजच्या डब्यावर कशी शोधायची

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

एपीआयच्या पद्धतीत 'एस'ने सुरू होणारी श्रेणी पेट्रोल इंजिनांची, 'सी'ने सुरू होणारी डिझेलची. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकी श्रेणी नवी. शेवटी ४ असेल तर चार-स्ट्रोक, २ असेल तर दोन-स्ट्रोक डिझेलसाठी. अडचण अशी, की तुमच्या मॅन्युअलमध्ये 'सीसी' किंवा 'सीडी' लिहिलेलं असतं आणि त्या श्रेणी एपीआयने कधीच कालबाह्य ठरवल्या आहेत. लोक मग दोन टोकं गाठतात. काही जण 'सीडी' लिहिलेला कुठला तरी अनोळखी डबा शोधून आणतात, काही जण 'आता काहीही चालतं' म्हणून मोकळे होतात.

बदलीचा हिशेब असा आहे. १९९८ मध्ये आलेली सीएच-४ आणि २००२ मध्ये आलेली सीआय-४ या दोन्ही सीडी, सीई, सीएफ-४ आणि सीजी-४ च्या जागी चालतात. सीआय-४ ही सीएच-४ च्याही जागी चालते. डिसेंबर २०१६ मध्ये आलेली सीके-४ ही सीजे-४, सीआय-४ आणि सीएच-४ यांच्या जागी. म्हणजे सीडी मागणाऱ्या जुन्या इंजिनात आजचं सीआय-४ निर्धास्त घाला. माझी पसंती अशा साध्या, टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनासाठी सीआय-४ लाच आहे, त्याचं कारण टप्पा ५ मध्ये येईल. ते मिळालं नाही तर सीके-४ घ्यायला हरकत नाही.

दोन अपवाद मात्र नीट लक्षात घ्या.

पहिला अपवाद 'सीएफ'चा. ही सीएफ-४ नव्हे. सीएफ श्रेणी इनडायरेक्ट इंजेक्शनच्या (डिझेल थेट सिलिंडरमध्ये न उडवता आधी छोट्या कप्प्यात उडवणाऱ्या) आणि जास्त गंधकाच्या डिझेलवर चालणाऱ्या इंजिनांसाठी होती, आणि वरच्या बदलीच्या यादीत ती नाही. शिडाच्या बोटींतली बरीच जुनी छोटी इंजिनं नेमकी इनडायरेक्ट इंजेक्शनची असतात. तुमचं मॅन्युअल फक्त सीएफ मागत असेल तर डब्यावर सीआय-४ सोबत सीएफही छापलेलं आहे का ते बघा. अशी जोड असलेले डबे मिळतात.

दुसरा अपवाद 'एफए-४'. सीके-४ बरोबरच आलेली ही श्रेणी इंधन वाचवण्यासाठी पातळ ठेवलेली आहे आणि ती जुन्या श्रेणींच्या जागी चालत नाही. दिसायला डिझेलचाच डबा, ट्रकचंच चित्र. तुमच्या मॅन्युअलमध्ये एफए-४ हे नाव स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो डबा जागेवर ठेवून द्या.

मॅन्युअल एसीईए श्रेणी सांगत असेल तर 'ई'ने सुरू होणाऱ्या बघा, त्या अवजड डिझेलच्या आहेत. वोल्वो पेंटासारखे उत्पादक व्हीडीएस-२, व्हीडीएस-३ अशी स्वतःची श्रेणी देतात. ती डब्याच्या मागे शब्दशः छापलेली असायला हवी.

> तपासा: कागदावर आता एक वाक्य तयार असायला हवं. उदाहरणार्थ, 'मॅन्युअल सीडी मागतं, मी सीआय-४ शोधणार'. हे वाक्य जमत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: विस्कॉसिटी

१५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीत इंजिन फिरवताना ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो आणि दुसरा १०० अंशांना ते किती जाड उरतं ते. १५डब्ल्यू ऑइलची थंड स्टार्टची चाचणी उणे २० अंशांवर होते, १०डब्ल्यू ची उणे २५ वर, ५डब्ल्यू ची उणे ३० वर. समुद्रात तरंगणाऱ्या बोटीच्या पोटात उणे तापमान क्वचितच होतं. म्हणून 'थंडीत हलकं सुरू होतं' या भरवशावर ५डब्ल्यू साठी जादा पैसे मोजून बहुतेकांना काही मिळत नाही. मॅन्युअलच्या तक्त्यात १५डब्ल्यू-४० असेल तर बहुतेक पाण्यांत तेच घ्या.

जुन्या मॅन्युअलमध्ये नुसतं एसएई ३०, म्हणजे एकाच आकड्याचं सिंगल ग्रेड, लिहिलेलं आढळतं. बऱ्याचदा त्याच पानावर मल्टिग्रेडचा (१५डब्ल्यू-४० सारख्या दोन आकड्यांचा) पर्यायही असतो, तेव्हा पान पूर्ण वाचा. पर्याय खरंच नसेल तर सिंगल ग्रेडच घ्या, फक्त श्रेणी डिझेलची असू द्या.

आता नेहमीची चूक. 'गरम प्रदेश आहे, जाड घालू' म्हणत २०डब्ल्यू-५० भरलं जातं. समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं इंजिन मुळातच कमी तापमानावर चालतं, त्यात ऑइल आधीच अपेक्षेपेक्षा घट्ट असतं. बाहेर कितीही ऊन असो, थर्मोस्टॅटला त्याचं काही नाही. त्याहून वाईट म्हणजे ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकायला लागला म्हणून जाड ऑइल घालणं. दिवा विझतो, कारण तसंच राहतं. आधी सेंडर (दिव्याला दाबाचा संदेश देणारा सेन्सर) काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा आणि खरा दाब मोजा. बहुतेक वेळा दोष सेंडरचा किंवा गंजलेल्या वायरचा निघतो. दाब खरोखरच कमी असेल तर ते काम मेकॅनिकचं आहे.

## टप्पा ५: तुमच्या टाकीत कोणतं डिझेल पडतं?

डिझेलमधलं गंधक जळून आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल मारण्याची ऑइलची क्षमता म्हणजे टीबीएन. नव्या ऑइलचा टीबीएन उत्पादकाच्या डेटाशीटवर असतो, डब्यावर सहसा नसतो. म्हणून डेटाशीट उघडून बघायचा कंटाळा करू नका.

युरोपात रस्त्यावरच्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा १० पीपीएम (दहा लाखांत १० भाग) आहे, अमेरिकेत १५. जहाजांच्या इंधनासाठी १ जानेवारी २०२० पासूनची जागतिक मर्यादा ०.५० टक्के आहे, म्हणजे ५००० पीपीएम. तुम्ही कायम रस्त्यावरच्या पंपाचं डिझेल भरत असाल तर टीबीएन हा फार चिंतेचा विषय नाही. काही छोट्या मरीन इंजिनांचे उत्पादक किमान ९ मागतात आणि बरीचशी चांगली डिझेल ऑइलं तिथे पोचतात. पण दूरच्या बंदरात, कॅनमधून, कुठून आलंय ते माहीत नसलेलं डिझेल भरावं लागत असेल तर १० ते १२ टीबीएनचं ऑइल घ्या आणि बदलण्याची मुदत कमी करा.

सीआय-४ ची माझी पसंती इथून येते. सीजे-४ आणि सीके-४ ऑइलं एक्झॉस्टमधले फिल्टर तुंबू नयेत म्हणून राखेचं प्रमाण मर्यादेत ठेवून बनवतात, आणि राख व टीबीएन सहसा जोडीने कमी होतात. छोट्या शिडाच्या बोटीत तो फिल्टरच नसतो. जे नाही ते जपण्यासाठी टीबीएन कशाला सोडायचा?

> सावधान: याच तर्काने मोठ्या जहाजांचं ३० किंवा ४० टीबीएनचं ऑइल आणू नका. बंदराजवळ ते सहज मिळतं आणि विकणारा 'हे तर खास मरीन' म्हणून देतो. ते जड, गंधकयुक्त इंधनासाठी असतं. तुमच्या इंजिनात त्या जादा रसायनांची राख पिस्टनच्या माथ्यावर आणि व्हॉल्व्हवर साठते.

## टप्पा ६: मिनरल की सिंथेटिक

सिंथेटिकचे खरे फायदे दोन: कडक थंडीत सुरू होणं आणि लांब मुदत टिकणं. शिडाच्या बोटीचं इंजिन यातलं काहीच वापरत नाही. धक्क्यातून बाहेर पडायला वीस मिनिटं, नांगर टाकताना दहा मिनिटं, मग बंद. ऑइल पूर्ण तापतच नाही, त्यामुळे आत आलेली वाफ आणि न जळलेलं डिझेल उडून जात नाही. ते ऑइल तासांनी जुनं होत नाही, पाण्याने आणि आम्लाने होतं, आणि तिथे महागाचा डबाही हरतो. साधं मिनरल १५डब्ल्यू-४० घेऊन वेळेवर बदलणारा माणूस सिंथेटिक दोन वर्षं ठेवणाऱ्यापेक्षा इंजिन जास्त जपतो. समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला तर हे दुप्पट लागू.

मॅन्युअलच सिंथेटिक मागत असेल तर प्रश्न मिटला. नवं किंवा नुकतंच बांधलेलं इंजिन असेल तर पिस्टनच्या रिंगा बसेपर्यंत उत्पादकाने सांगितलेलंच ऑइल ठेवा, आणि पहिला बदल सहसा ५० तासांना असतो, तो चुकवू नका.

बॅटरी चार्ज करायला तासन्‌तास न्यूट्रलमध्ये आयडलिंग करत बसलात तर सिलिंडरची भिंत गुळगुळीत होऊन ऑइल जळायला लागतं. त्यावर कुठलाही डबा इलाज नाही. इंजिन गिअरमध्ये, लोडखाली चालवा.

## टप्पा ७: आता दुकानात जा, आणि डबा उलटा फिरवा

पुढची बाजू जाहिरातीसाठी असते. मागे एपीआयचा गोल शिक्का शोधा: वरच्या अर्ध्यात श्रेणी, मधोमध विस्कॉसिटी. शिक्का नसेल आणि नुसतं 'अमुक श्रेणीसाठी योग्य' असं मोघम वाक्य असेल तर दुसरा डबा बघा. 'सीआय-४/एसएल' अशी जोडी असेल तर 'सी' आधी आलेलं असावं, म्हणजे ऑइल मुख्यतः डिझेलसाठी बनवलेलं आहे.

हे डबे परत ठेवा:

- टीसी-डब्ल्यू३: दोन-स्ट्रोक आउटबोर्डचं, इंधनात मिसळायचं ऑइल.
- एफसी-डब्ल्यू: चार-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्डचं. यावर बोटीचं चित्र असतं, म्हणून फसगत होते.
- फक्त 'एस' श्रेणी असलेलं कोणतंही ऑइल.
- मोटरसायकलचं ऑइल, कितीही चांगलं असलं तरी.

'मरीन' हा शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. मरीन डिझेलसाठीची काही ऑइलं गंजरोधक रसायनं वाढवलेली आणि खरंच चांगली असतात, पण त्यांच्याही मागच्या बाजूला तुमच्या कागदावरची श्रेणी आणि विस्कॉसिटी असलीच पाहिजे. ट्रकसाठीचं अवजड डिझेल ऑइल या दोन्ही अटी बहुधा पूर्ण करतं. ते घ्यायला संकोच वाटायचं कारण नाही.

एका पूर्ण बदलाचं आणि वर थोडं टॉप-अपचं, एवढं एकाच वेळी घ्या. यानमार २जीएम२० सारख्या दोन सिलिंडरच्या इंजिनात जेमतेम २ लिटर मावतं, तेव्हा मोठा ड्रम घेऊन तो दमट बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या खोलगट जागेत) वर्षानुवर्षं ठेवण्यात अर्थ नाही. लेबल ओलाव्याने सुटतं, म्हणून श्रेणी आणि विस्कॉसिटी मार्करने झाकणावर लिहा. वेगळी ॲडिटिव्हची बाटली? नको. चांगल्या ऑइलमध्ये जे हवं ते आधीच मोजून घातलेलं असतं.

## टप्पा ८: जुन्यावरून नव्यावर येताना

1. इंजिन लोडखाली चालवून गरम करा. थंड ऑइल पंपाने ओढलं जात नाही आणि काजळी तळाशीच राहते.
2. इंजिन बंद करून डिपस्टिकच्या नळीतून किंवा ड्रेन पंपाने ऑइल काढा. काढलेलं मोजा. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा बरंच कमी निघालं तर नळी तळापर्यंत पोचलेली नाही.
3. फिल्टर बदला. जुन्याची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, ते हाताचं बोट फिरवून पाहा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की सगळं ऑइल बिल्जमध्ये.
4. सांगितलेल्या प्रमाणापेक्षा थोडं कमी भरा. इंजिन दोन-चार मिनिटं चालवा, फिल्टरजवळ गळती बघा, बंद करून दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघून उरलेलं थोडं थोडं घाला.

> सावधान: वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नका. क्रँकशाफ्ट ऑइलमध्ये बुडून फेस होतो. पातळी फारच जास्त असेल तर ऑइल इनटेकमध्ये ओढलं जाऊन इंजिन त्याच्यावरच धावायला लागतं, आणि मग ते चावीने बंद होत नाही.

ब्रँड बदललाय म्हणून फ्लशिंग करायची गरज नाही. एपीआयची परवानाधारक इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळण्याजोगी असावी लागतात. पण वर्षानुवर्षं हलक्या दर्जाच्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात चांगलं डिटर्जंट असलेलं ऑइल पहिल्यांदा घातलं की जुना चिखल सुटतो. तेव्हा पहिला बदल नेहमीच्या निम्म्या तासांत करा, फिल्टरसकट.

## टप्पा ९: निवड बरोबर होती का, ते डिपस्टिक सांगते

नवं ऑइल काही तासांत काळं झालं तर घाबरू नका. डिझेलची काजळी ऑइल स्वतःत धरून ठेवतंय, ते त्याचं कामच आहे. काळजी वेगळ्या गोष्टींची करायची. दुधाळ रंग म्हणजे पाणी. पातळी आपोआप वाढली आणि डिपस्टिकला डिझेलचा वास आला तर मेकॅनिकल लिफ्ट पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, फाटला असण्याची शक्यता मोठी, आणि तोवर ते ऑइल कोणत्याही श्रेणीचं राहिलेलं नसतं. दोन्ही वेळी आधी कारण दुरुस्त करा, मग ऑइल बदला, आणि इंजिन चालवून बघायचा मोह आवरा.

शंका असेल तर बदलताना मधल्या धारेतला नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत द्या. अहवालात सोडियम वाढलेलं दिसलं तर समुद्राचं पाणी किंवा कूलंट आत येतंय. उरलेला टीबीएन नव्याच्या निम्म्यावर आला असेल तर तुमची मुदत लांब आहे.

वार्षिक बदल हंगाम संपताना करा, सुरू होताना नाही. वापरलेल्या ऑइलमधलं पाणी आणि आम्ल बोट उभी असताना महिनोन्‌महिने बेअरिंगवर काम करत राहतं. नवं ऑइल भरल्यावर पाच मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. मग समुद्राच्या पाण्याचा सीकॉक (बोटीच्या तळातला पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करा, आणि तो बंद असल्याची चिठ्ठी इंजिनाच्या किल्लीलाच बांधा.